सहा फूट सरळ

एका मिनिटात १४ वेळा. २०१८ च्या मे महिन्यात, रात्रीची जेवणं झाल्यावर, मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजलं होतं. माझ्या ३ फुटी टाकीत आमचा ब्लू टँग हा समुद्रातला मासा डाव्या काचेपाशी जायचा, वळायचा, उजव्या काचेपाशी जायचा, वळायचा. मागच्या बाजूला दगडांची रास होती आणि पुढं वीतभर गल्ली उरली होती. त्या गल्लीतनं त्याची ये-जा. थोरली शेजारी बसून गृहपाठ करत होती. ती म्हणाली, "पप्पा, हा कुठं जायला निघालाय?"

मला उत्तर देता आलं नाही.

माझं सांगलीत काचेचं दुकान आहे. खिडक्या, सरकती दारं, आरसे आणि वीसेक वर्षांपासून माशांच्या टाक्याही. टाकी बनवायची कशी हे माझ्या हाताला माहीत होतं. पण टाकी केवढी हवी, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. गिऱ्हाईक माप घेऊन येतं. टीव्हीच्या बाजूला अडीच फूट जागा आहे, जिन्याखाली साडेतीन फूट आहे. आधी जागा ठरते, मग टाकी, आणि टाकी भरली की मासे. गोड्या पाण्यातल्या गप्पी-मॉलीच्या बाबतीत ते निभावून जातं. मीही घरी तसंच केलं. दोन खिडक्यांच्या मध्ये भिंत मोकळी होती, म्हणून ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. १९० लिटर. खाऱ्या पाण्याची टाकी करायची हौस फार दिवसांची होती, आणि थोरलीला तो निळा, पिवळ्या शेपटीचा मासाच हवा होता.

ज्याच्याकडून मासा घेतला तो म्हणाला, "बिनधास्त ठेवा. मासा टाकीच्या मापानंच वाढतो."

हे वाक्य नंतर मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, गणती नाही. म्हणून इथं स्पष्ट लिहितो. मासा टाकी बघून स्वतःची लांबी ठरवत नाही. लहान जागेत त्याची वाढ खुंटली, तर ती तब्येत खालावल्यामुळं खुंटते. कुंडीत मुळांचं भेंडोळं झालेलं झाड बुटकं राहतं, म्हणून काही त्याला ती कुंडी मानवली असं होत नाही.

पिल्लू असताना ब्लू टँग बघणाऱ्याला फसवतो, हेही खरं. समुद्रात त्याची पिल्लं फांद्याफांद्यांच्या प्रवाळात दडून राहतात. चाहूल लागली की आत, शांत झालं की बाहेर. माझ्याकडं आला तेव्हा तो जेमतेम २ इंचांचा होता आणि दिवसभर दगडामागं बसायचा. मला वाटलं, याला पुरे आहे ३ फूट, हा काय फिरतोय! पण हाच मासा मोठा झाला की प्रवाळाच्या वर, वाहत्या पाण्यात येतो आणि पाण्याबरोबर येणारे बारीक जीव टिपत हिंडतो. पूर्ण वाढीला तो ३० सेंटिमीटर होतो. त्या रात्री मी थोरलीची ३० सेंटिमीटरची पट्टी मागून घेतली आणि टाकीवर आडवी धरली. पुढच्या काचेपासून दगडापर्यंत ती मावेना. पूर्ण वाढलेल्या माशाला त्या गल्लीत नुसतं वळताही आलं नसतं.

जूनमध्ये त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले, मिठाचे कण चिकटावेत तसे. खाऱ्या पाण्यातला इच. हा परजीवी आहे. टाकी लहान म्हणून तो आपोआप जन्मत नाही, नव्या माशाबरोबर नाहीतर दुसरीकडच्या पाण्याबरोबर येतो. पण आलेल्या रोगाला तोंड द्यायला माशात जोर लागतो, आणि सतत ताणाखाली असलेल्या माशाकडं तो नसतो. वेगळ्या टाकीत ठेवून तांब्याचं औषध दिलं, बरा झाला. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. तेव्हा मी ठरवलं की हा आपल्याकडं ठेवायचा नाही.

कोल्हापुरात माझा एक दोस्त आहे. त्याच्याकडं ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच टाकी होती. मासा जाळीनं धरला नाही. या जातीला सर्जन मासा म्हणतात ते शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना असलेल्या धारदार काट्यामुळं. तो काटा जाळीत अडकला की मासा स्वतःलाच फाडून घेतो. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवून, हळूच त्यात घेऊन, तसाच झाकणाच्या बादलीत सोडला आणि बॅटरीचा एअर पंप लावून गाडीनं गेलो.

दोस्ताच्या टाकीत सोडल्यावर तो तासभर दगडात दडून बसला. आम्ही चहा घेतला, गप्पा झाल्या. मग तो बाहेर आला. हा मासा पोहताना शेपटी फार वापरत नाही, छातीजवळचे दोन पर वल्ह्यासारखे मारतो. सांगलीतल्या होड्यांच्या शर्यती ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. सगळी वल्ही एकदम पडतात आणि होडी पाण्यावर सरकत राहते, तसं. माझ्याकडं आठ-नऊ वल्ही झाली की काच यायची. इथं तो निघाला तो जातच राहिला. सहा फूट, सरळ. टोकाला पोचल्यावर ऐसपैस वळला आणि मधल्या दगडाला वळसा घालून मागच्या बाजूनं परत आला. मी खुर्चीवरनं उठून उभा राहिलो होतो, हे मला दोस्तानं हाताला धरल्यावर कळलं.

तो मासा मी परत मागितला नाही.

मी पोहायला कृष्णेत शिकलो. आण्णांनी पाठीला सुका भोपळा बांधला आणि घाटावरनं पाण्यात सोडलं. पुढं भोपळा सुटला, आणि आम्ही पोरं पुलाच्या दिशेनं पोहत जायचो. नदीत वळायचं कधी, ते आपण ठरवतो. बऱ्याच वर्षांनी मी पहिल्यांदा २५ मीटरच्या तलावात उतरलो, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच कंटाळलो. दम लागायच्या आधी भिंत यायची. आता हिशोब करा. माझी उंची १७० सेंटिमीटर. २५ मीटर म्हणजे माझ्या साधारण १५ लांब्या. ३० सेंटिमीटरच्या माशाला ६ फुटी टाकी म्हणजे त्याच्या फक्त ६ लांब्या. माझ्या मापात तो तलाव १० मीटरचा झाला. म्हणजे ज्या टाकीत त्याला बघून मी उठून उभा राहिलो, तीही त्याला तशी तोकडीच. ६ फूट ही ब्लू टँगसाठी चैन नाही, सुरुवात आहे. हा हिशोब मांडल्यावर मी स्वतःपुरतं ठरवलं की घरात पूर्ण वाढलेला ब्लू टँग आपल्याला परवडणारा नाही. पैशानं नाही, जागेनं.

गिऱ्हाईक हल्ली लिटर विचारतं. "साडेचारशे लिटर आहे, चालेल ना?" लिटरवरनं पाण्याचा दम कळतो, माशाला जागा किती ते कळत नाही. टाकीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८.३ नं गुणा, लिटर येतात. अडीच फुटांचा चौकोनी ठोकळा ४४२ लिटरचा. ४ × २ × २ ची टाकी ४५३ लिटरची. ६ फूट लांब, दीड रुंद, पावणेदोन उंच केली तर ४४६. तिन्हींत पाणी जवळपास सारखंच. पण हिंडणाऱ्या माशाला पहिलीत पळायला अडीच फूट मिळतात आणि तिसरीत सहा. आणि तिसरीची रुंदी कमी, म्हणजे दगड रचले की वळायला जागा राहत नाही. म्हणून मी आधी लांबी बघतो, मग रुंदी, आणि उंची शेवटी. रुंदी मोठ्या झालेल्या माशाच्या निदान दुप्पट मोकळी हवी, दगड सोडून.

उंच टाकी दिसायला देखणी, पण तिचा फायदा बघणाऱ्यालाच. हे मासे आडवे पोहतात. उंचीबरोबर तळाशी पाण्याचा दाब वाढतो, काच जाड लागते, आणि तळ साफ करायला हात पोचत नाही. शिवाय हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो वरच्या उघड्या पृष्ठभागातून. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागं सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळू शकतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. पाणी तापलं की तोही घटतो. सांगलीचा एप्रिल-मे लक्षात घ्या आणि दिवसभर पळणाऱ्या माशाला किती श्वास लागत असेल त्याचा विचार करा.

नुसती माशाची लांबी बघूनही चुकायला होतं. लायनफिश ३५ सेंटिमीटरच्या पुढं जातो, पण त्याचा स्वभाव एका जागी तरंगत सावजाची वाट बघण्याचा. ४ × २ × २ मध्ये तो व्यवस्थित राहतो. पावडर ब्लू टँग त्याच्यापेक्षा खूप लहान, २३ सेंटिमीटरचा, पण मी त्याला ६ फुटांच्या आत कधीच सुचवणार नाही. तो दिवसभर शेवाळ खुडत मैदान तुडवतो आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या टँगला उभं करत नाही. येलो टँग २० सेंटिमीटरपर्यंत. पुष्कळ जण ४ फूट म्हणतात, मी ५ म्हणतो. मून रास हा मासा साधारण २५ सेंटिमीटरचा, एक क्षण थांबत नाही आणि उडीही मारतो, त्याला ६ फूट आणि वर घट्ट झाकण. क्लाऊनफिशची जोडी मात्र २ फुटांत सुखानं नांदते, कारण समुद्रातही ती आपलं समुद्रफूल सोडून फार लांब जात नाही. त्यामुळं मासा विकत घ्यायच्या आधी तो समुद्रात काय करतो, दिवसभर काय करतो, हे विचारा. पिशवीतल्या पिल्लाकडं बघून काही कळत नाही.

आता टाकी.

माझी स्वतःची ६ × २ × २ मी २०२० मध्ये केली. आधीच करणार होतो, पण २०१९ चा ऑगस्ट मध्ये आला. आमचं घर खणभागात. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. खालच्या मजल्यावर माझ्या छातीइतकं पाणी होतं. तेव्हा त्या ३ फुटी टाकीत क्लाऊनची एक जोडी होती. आदल्या दिवशी संध्याकाळी पाणी गल्लीत दिसायला लागलं तेव्हा बायकोनं धान्याचे डबे वर नेले, मी आईला नेलं, आणि थोरलीनं बादलीतनं मासे. ते वाचले. वर बसून, अंधारात, बॅटरीच्या पंपाचा आवाज ऐकताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. खाली ६ फुटी टाकी असती तर? साडेपाचशे-सहाशे लिटर पाणी आणि दगड, कुणी आणि कशानं उचललं असतं? २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा तो निर्णय बरोबर होता असं वाटलं. टाकी वरच्या मजल्यावर.

पण वरच्या मजल्यावर वजनाचा प्रश्न. हे सांगलीकरांनी, विशेषतः नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी, नीट समजून घ्यावं. ६ × २ × २ काठोकाठ भरली तर ६८० लिटर. खारं पाणी लिटरला एक किलोपेक्षा थोडं जास्त भरतं, म्हणजे ७०० किलो. १२ एमएम काच चौरस मीटरला ३० किलो, सगळ्या बाजू मिळून सव्वाशे किलोच्या आसपास. दगड, वाळू, लोखंडी स्टँड. वरनं दोन इंच टाकी रिकामी ठेवली तरी सगळं मिळून एक टनाजवळ जातं, आणि ते सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. राहत्या घराचा स्लॅब धरताना माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरतात. हा फरक बघा आणि मग ठरवा.

मी ओळखीच्या इंजिनिअरांना घरी बोलावलं. खोलीच्या मध्ये तर नाहीच, असं त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. खालच्या मजल्यावर जी जाड विटांची भिंत आहे तिच्या बरोबर वर, भिंतीला लावून, लांब बाजू भिंतीला समांतर. स्लॅबखाली जाऊन त्यांनी तुळई बघितली, पुराच्या पाण्यानं भिंतीला काही झालंय का तेही बघितलं, आणि मगच हो म्हणाले. तुमचं घर वेगळं असेल, तुळया वेगळ्या असतील. माझं ऐकून टाकी ठेवू नका, तुमच्या इंजिनिअरांना घरी आणा. ते नाही म्हणाले तर ४ फूट करा आणि ४ फुटांत राहणारे मासे ठेवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

काच १२ एमएम फ्लोट, सगळ्या कडा घासून पॉलिश केलेल्या, आणि वरच्या काठाला आतनं चारही बाजूंनी ४ इंचांच्या काचेच्या पट्ट्या. दाब उंचीवर ठरतो, पण लांब काच मध्ये फुगते, ती या पट्ट्या धरून ठेवतात. सिलिकॉन घेताना बुरशीनाशक असलेलं बाथरूमचं घेऊ नका, माशांना ते विष आहे. जोडल्यावर मी आठवडाभर हात लावला नाही, मग दुकानात पाच दिवस साध्या पाण्यानं भरून ठेवली. स्टँड दोन इंची चौकोनी पाइपचा, एपॉक्सी रंग मारलेला, कारण खारी हवा लोखंड खाते. पाणसळ लावून दोन्ही दिशांनी एकसारखा करायचा, त्यावर प्लाय, त्यावर थर्माकोल, मग टाकी. टाकी एका बाजूला कलती असेल तर एका जोडावर जास्त ताण येतो.

दगड मी सिमेंटचे स्वतः ओतलेत. जिवंत प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, कुणी देतो म्हणाला तरी घेऊ नका. दगड रचताना जागा जाते, हे विसरायला होतं. भिंतीसारखी सलग रास केली की ६ फुटी टाकीची मोकळी रुंदी एका फुटावर येते. मी दोनच ढिगारे केले, एक डावीकडं मोठा, एक उजवीकडं लहान. दोन्ही मागच्या काचेपासून सुटे, म्हणजे माशाला आठच्या आकड्यासारखं फिरता येतं.

मीठ-पाण्याचं थोडक्यात सांगतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, आणि तेही समुद्रातल्या क्षारांचं मिश्रण, स्वयंपाकाचं नाही. पहिल्या भरणीला माझ्याकडं २० किलो लागलं, आणि दर दहा दिवसांनी ६० लिटर पाणी बदलतो त्याला दोन-सव्वादोन किलो. रत्नागिरीहून समुद्राचंच पाणी आणा असं दोघांनी सुचवलं, पण प्रत्येक वेळी आंबा घाट उतरून कॅन भरून आणणं मला झेपणारं नाही. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याची. उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला चिलर. लाईट गेली तर प्रवाहाचा पंप इन्व्हर्टरवर. मोठ्या टाकीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिच्यात बिघाड हळू होतो. १९० लिटरमध्ये दुपारी तापमान चढलेलं संध्याकाळपर्यंत माशाच्या अंगावर दिसायचं, इथं मला सावरायला वेळ मिळतो.

आता त्यात एक येलो टँग आहे, आठ हिरवे क्रोमिस आणि ती पुरातली क्लाऊनची जोडी. येलो टँगला त्याच्या ९ लांब्या मिळतात. हे मासे नीट सांभाळले तर वीस वर्षांहून जास्त जगू शकतात, त्यामुळं मी थोरलीला सांगून ठेवलंय की तू लग्न होऊन गेलीस तरी हा इथं असेल.

मागच्या आठवड्यात तासगावहून एक तरुण जोडपं दुकानात आलं. मोबाइलमध्ये पावडर ब्लूचा फोटो होता. "दादा, तीन फुटात बसवा की. जागा तेवढीच आहे." मी खडू घेतला आणि फरशीवर ३ फूट बाय दीड फुटाचा चौकोन काढला. तुकड्यांच्या पेटीतनं ९ इंचांची काचेची पट्टी घेऊन तिच्या कडांना टेप लावला आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, हा तुमचा मासा, मोठा झालेला. फिरवून बघा. बाई खाली बसल्या आणि फिरवायला लागल्या. एकदा गेली, वळवली, परत आली. दुसऱ्यांदा वळवताना त्यांनी मागचे दगड कुठं ठेवायचे असं विचारलं. मी शेजारी वीतभर जागा दाखवली. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि नवऱ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. घर तळमजल्यावर आहे, सोफा हलवला तर ४ फूट निघतात, पावडर ब्लू नको. क्लाऊनची जोडी आणि क्रोमिसचा थवा. ४ × २ × २ ची काच परवा कापली. काल सिलिकॉन भरलंय. पुढच्या बुधवारपर्यंत ती तशीच पडून राहील, मग पाणी भरून बघायचं.